चियांग माईत दोन महिने मुक्काम: महिना निवडण्यापासून डिपॉझिट परत मिळवण्यापर्यंत

चियांग माईला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट बघतात. एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, भाडं परवडतं, बुकिंग होऊन जातं. पण उत्तर थायलंडमधल्या या शहरात राहू नये असे वर्षातले दोन महिने सांगायचे, तर ते मार्च आणि एप्रिल. म्हणून इथे सुरुवात महिन्यापासून केली आहे. आठ दिवसांच्या सहलीलाही यातलं बरंच उपयोगी पडेल, पण लिहिलंय ते महिना ते तीन महिने राहणाऱ्यांसाठी: लॅपटॉपवर काम करणारे, निवृत्त जोडपी, मोठी सुट्टी काढून आलेली कुटुंबं.

कोणता महिना

शहर पिंग नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर वसलंय. पश्चिमेला लगेच डोई सुथेप उभा आहे, १,६७६ मीटर उंच. फेब्रुवारीपासून आजूबाजूच्या डोंगरांत वणवे लागतात किंवा लावले जातात, मक्याची धाटं जाळली जातात, आणि म्यानमार-लाओसकडचा धूरही वाऱ्याबरोबर येतो. त्या काळात खोऱ्यात वारा जवळपास नसतोच. रात्री थंड हवा तळाशी साचते, वरची उबदार हवा तिला चढू देत नाही, आणि धूर दिवसेंदिवस शहरात अडकून पडतो. मार्च २०२३ मध्ये जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या रोजच्या यादीत चियांग माई अनेकदा पहिल्या क्रमांकावर होतं. सरकार दर वर्षी जाळण्यावर बंदी घालतं. तरीही दर वर्षी धूर होतोच, कधी कमी, कधी जास्त.

मग जायचं कधी? नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा सर्वांत चांगला आणि सर्वांत महाग काळ. दिवसा ऊन, रात्री १४-१५ अंशांपर्यंत उतरणारी थंडी. इथल्या साध्या खोल्यांत हीटर नसतो, त्यामुळे एक स्वेटर आणि पायमोजे सोबत हवेतच. थाई चांद्रपंचांगाच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात, यी पेंग आणि लॉय क्राथोंग हे दिव्यांचे सण येतात. त्या चार-पाच दिवसांत खोल्यांचे दर चढतात आणि आकाशकंदील उडत असल्यामुळे संध्याकाळच्या विमानांच्या वेळा बदलतात किंवा विमानं रद्दही होतात. त्या रात्रीचं परतीचं तिकीट काढू नका. दिवाळीच्या सुट्टीला जोडून निघणाऱ्यांना मात्र हा हंगाम छान जुळतो.

फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे चालून जातात, पण तो जुगार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतच यायचं असेल तर मेच्या मध्यानंतर या. पावसाच्या पहिल्या सरी धूर धुऊन काढतात, डोंगर हिरवे होतात, खोल्या स्वस्त मिळतात. कमी बोललं जातं, पण दीर्घ मुक्कामासाठी मेचा उत्तरार्ध ते जुलै हा काळ आम्हाला डिसेंबरपेक्षाही उजवा वाटतो. पाऊस बहुधा दुपारनंतर तास-दोन तास पडतो आणि थांबतो. ऑगस्ट-सप्टेंबरात तो वाढतो, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पुराचा धोका असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंगला मोठा पूर आला आणि नाइट बझार, चांग ख्लान हा नदीकाठचा सखल भाग पाण्याखाली गेला. त्या दिवसांत येणाऱ्यांनी नदीकाठची तळमजल्याची खोली घेऊ नये.

सोंगक्रान, म्हणजे १३ ते १५ एप्रिलचा पाण्याचा सण, फक्त धुराच्या काळातच येतो हे खरं. त्यासाठीच यायचं तर चार दिवसांसाठी या. फोन आणि पासपोर्ट पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि त्या दिवसांत दुचाकी चालवू नका. चालत्या दुचाकीवर बादलीभर पाणी आलं की हँडल सुटतं. दर वर्षी त्या आठवड्यात थायलंडच्या रस्त्यांवर सर्वाधिक बळी जातात ते दुचाकीस्वारांचेच.

व्हिसा आणि प्रवेश

भारतीय पासपोर्टवर थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसाशिवाय राहू दिलं, आणि १५ जुलै २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची केली. ती पुन्हा घटवण्याची चर्चा त्यानंतर सुरू झाली. त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर मुदत तपासा. मित्राला मागच्या वर्षी किती दिवसांचा शिक्का मिळाला, यावर हिशेब बांधू नका.

बाकी गोष्टी ठरलेल्या आहेत. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा. परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट, पहिल्या मुक्कामाचा पत्ता आणि माणशी २०,००० बाटच्या (बाट हे थायलंडचं चलन) तोडीची रोकड जवळ असावी. रोकड सगळ्यांची बघत नाहीत, पण मागितली आणि नसली तर वाद घालून उपयोग होत नाही. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी, सरकारी दिसणारी बरीच संकेतस्थळं आहेत. खऱ्या पत्त्याचा शेवट ‘गो डॉट टीएच’ असा असतो.

विमान बहुधा बँकॉकला बदलावं लागतं. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग, आणि एकावरून दुसऱ्यावर जायला वाहतुकीत दीड-दोन तास जातात. मुंबईचं विमान एकीकडे उतरतंय आणि चियांग माईचं दुसरीकडून सुटतंय, हे स्वस्त तिकीट जुळवताना सहज नजरेतून सुटतं. तिकिटं वेगळी असतील तर इमिग्रेशन, सामान घेणं, पुन्हा देणं हे सगळं धरून मध्ये किमान चार तास ठेवा. रात्रीची रेल्वेही चांगली आहे: बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून साधारण ७५० किलोमीटर, तेरा तास. खालचा बर्थ मागा, तो रुंद असतो.

मुदत वाढवायची असेल तर विमानतळाजवळच्या इमिग्रेशन कार्यालयात टीएम-७ हा अर्ज करायचा. फी १,९०० बाट, ३० दिवस वाढतात. सोबत ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या माहितीच्या आणि शिक्क्याच्या पानांच्या सही केलेल्या प्रती, आणि घरमालकाने भरलेल्या टीएम-३० ची पावती. लोक अडकतात ते या शेवटच्या कागदावर. परदेशी माणूस राहायला आल्यापासून २४ तासांत घरमालकाने तशी नोंद करायची असते. हॉटेलं ती आपोआप करतात, खासगी मालक अनेकदा विसरतात. म्हणून खोली ठरवतानाच विचारा, ‘टीएम-३० करून द्याल ना?’ मालक टाळाटाळ करत असेल तर खोली कितीही चांगली असली तरी पुढे चला. वाढीसाठी मुदत संपायच्या आठवडाभर आधी, सकाळी कार्यालय उघडताना जा. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,०००. दंड भरता येतो, पण पासपोर्टवरची नोंद राहते.

भारतातल्या किंवा अन्य परदेशी कंपनीचं काम इथून करत वर्षातून अनेक महिने राहायचं असेल तर जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला डीटीव्ही व्हिसा बघा. तो पाच वर्षांचा असतो आणि एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं. वय किमान २०, खात्यात ५ लाख बाटची शिल्लक आणि दूरस्थ कामाचा पुरावा लागतो. अर्ज थायलंडबाहेरूनच करायचा. त्यावर सलग ९० दिवस झाले की टीएम-४७ भरून पत्ता कळवावा लागतो. आणि एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही थायलंडचे कर-रहिवासी ठरता, २०२४ पासून परदेशातून आणलेल्या उत्पन्नावरचे तिथले नियमही कडक झालेत. सहा महिन्यांच्या जवळ जाणाऱ्यांनी आपल्या सीएशी आधी बोलावं.

सामानाबद्दल दोन इशारे. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, बॅगेत विसरलेलीसुद्धा. झोपेच्या, चिंतेच्या किंवा तीव्र वेदनांच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, मूळ वेष्टन आणि ३० दिवसांपुरताच साठा ठेवा. यातल्या काही औषधांना थायलंडच्या औषध प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते, ती निघण्याआधी ऑनलाइन घ्या.

खोली शोधणं

पुण्या-मुंबईत बसून दोन महिन्यांची खोली आगाऊ भरू नका. फोटोत शेजारचं बांधकाम दिसत नाही. पहिल्या चार-पाच रात्रींसाठी साधं गेस्टहाउस घ्या, शक्यतो सांतिथाम या वस्तीत, आणि सकाळ-संध्याकाळ पायी फिरून खोल्या बघा.

जुनं शहर म्हणजे खंदकाने वेढलेला, बाजूला साधारण दीड किलोमीटरचा चौकोन. १२९६ मध्ये राजा मंगराय याने वसवलेलं लान्ना राज्याचं हे ठाणं. देवळं, कॅफे, मसाजची दुकानं सगळं चालत, पण खोल्या जुन्या आणि पर्यटकांची ये-जा सतत. निम्मानहेमिन, बोलीभाषेत निम्मान, हा विद्यापीठाजवळचा चकचकीत भाग: एका खोलीचे कॉन्डो, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या सदनिका, साधारण १०,००० ते २०,००० बाट. दुरून आलेल्या बहुतेकांना तिथेच राहायचं असतं, म्हणून तो महाग आहे. त्याच्या आणि खंदकाच्या उत्तरेचं सांतिथाम हे स्थानिक लोकांचं, खानावळींनी भरलेलं, आणि साधी खोली ५,००० ते ९,००० बाटला देणारं. पहिल्यांदा येणाऱ्याला आमचा सल्ला सांतिथामचाच. हांग डोंग, माए रिम, सान साय या बाहेरच्या भागांत कमी भाड्यात घर आणि अंगण मिळतं, पण स्वतःचं वाहन नसेल तर तिथे अडकल्यासारखं होतं. विमानतळ शहराला चिकटून आहे आणि धावपट्टी उत्तर-दक्षिण, त्यामुळे निम्मान-सुथेपचा काही भाग आणि दक्षिणेचं माए हिआ थेट विमानांच्या वाटेखाली येतं. खोली बघताना दहा मिनिटं शांत बसा, म्हणजे कळतं.

एक रुपया-बाटचा हिशेब मनात असू द्या: बाटला अडीच ते तीन रुपये धरून चाला.

अपार्टमेंट आणि कॉन्डो यांतला फरक विजेच्या बिलात दिसतो. अपार्टमेंटची अख्खी इमारत एका मालकाची असते, आणि तो युनिटला ७-८ बाट लावतो. कॉन्डोत प्रत्येक खोलीला वीज मंडळाचं स्वतंत्र मीटर असतं आणि दर ४ ते ५ बाटच्या आसपास पडतो. एसी रोज आठ तास चालला तर महिन्याला साधारण २०० युनिट होतात: म्हणजे एकीकडे १,६०० बाट, दुसरीकडे ९००. भाड्यात पाचशे बाट स्वस्त दिसणारी खोली उन्हाळ्यात महाग पडते ती अशी.

खोली बघताना हे तपासा. बाहेरची भिंत पश्चिमेला आहे का? दुपारचं ऊन तिथून येतं आणि रात्री दहापर्यंत भिंत तापलेली राहते. बाथरूमला उघडी जाळी आहे का? याचं कारण पुढे धुराच्या भागात येईल. गॅस बहुतेक खोल्यांत नसतो, अनेक इमारतींत ठेवूही देत नाहीत, त्यामुळे इंडक्शन शेगडी चालेल का ते विचारा. कुकर न्यायचा असेल तर इंडक्शनच्या बुडाचाच न्या. वायफायचा वेग स्वतःच्या फोनवर, त्याच खोलीत, दार लावून मोजा. संध्याकाळी सातनंतर पुन्हा एकदा मोजा, कारण तेव्हा अख्खी इमारत त्यावर असते. जवळपास बार असेल तर रात्री अकराला एक चक्कर मारा.

करार बहुधा सहा किंवा बारा महिन्यांचा मागतात, डिपॉझिट दोन महिन्यांचं आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ. महिन्या-महिन्याच्या करारावर देणाऱ्या इमारतीही सांतिथाममध्ये पुष्कळ आहेत, भाडं थोडं जास्त आणि डिपॉझिट कमी. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने कॉन्डो देणं हॉटेल कायद्यात बसत नाही. अॅपवर आठवड्यासाठी मिळालेल्या कॉन्डोचा सुरक्षारक्षक लॉबीत अडवतो, तो याचमुळे. ताबा घेताना मीटरच्या आकड्याचा, प्रत्येक भिंतीचा, गादीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून मालकाला लाइन अॅपवर त्याच दिवशी पाठवा. इथे सगळे व्यवहार लाइनवरच चालतात, व्हॉट्सअॅप फार कमी लोक वापरतात.

नळाचं पाणी पिऊ नका. गल्लोगल्ली पाण्याची यंत्रं असतात, १ बाटला साधारण एक लिटर. पाच लिटरचे दोन कॅन घेतले की दोघांना पुरतात. वीज जवळपास आपल्यासारखीच, २२० व्होल्ट. आपल्याकडची बारीक दोन पिनांची पिन बसते, अर्थिंगची जाड तीन पिनांची बसत नाही. लॅपटॉपचा चार्जर असा असेल तर अडॅप्टर मुंबईतूनच घ्या.

धुराच्या दिवसांत

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये राहणं टळत नसेल तर तयारी जानेवारीतच करायची. मार्च उजाडला की चांगले प्युरिफायर दुकानांतून संपतात.

आधी मोजमाप. वेगवेगळी अॅप वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवर हवेच्या दर्जाचा निर्देशांक दाखवतात, थाई आणि अमेरिकन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून निर्देशांक सोडा आणि पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, मूळ आकडा बघा, घनमीटरला किती मायक्रोग्रॅम तो. थायलंडची २४ तासांची मर्यादा ३७.५ आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. सरकारी एअर-फोर-थाई आणि चियांग माई विद्यापीठाचं डस्टबॉय ही हवा मोजणाऱ्या यंत्रांची दोन्ही जाळी तो आकडा देतात. डस्टबॉयची यंत्रं गावोगावी असल्यामुळे आपल्या वस्तीचा अंदाज येतो. आमचा व्यवहारातला नियम असा: २५ च्या खाली खिडक्या उघडा, ४० च्या वर बाहेर पळणं-सायकल बंद, ७५ च्या वर बाहेर एन-९५ मास्क आणि घरात प्युरिफायर, १५० सलग तीन दिवस राहिलं तर शहर सोडा. दमा असलेल्यांनी, लहान मुलांनी आणि ज्येष्ठांनी शेवटच्या पायरीची वाट बघू नये. दक्षिणेच्या बेटांवर तेव्हा हवा सहसा बरी असते. अॅप हाताशी नसेल तर सकाळी पश्चिमेला बघा. डोई सुथेपचा डोंगर दिसतच नसेल तर मास्क चढवा.

प्युरिफायर खोलीच्या मापाने घ्यायचा. ३० चौरस मीटरची खोली, छत अडीच मीटर, म्हणजे ७५ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जायला हवी, म्हणजे यंत्राची स्वच्छ हवा देण्याची क्षमता तासाला ३७५ घनमीटर असावी. खोक्यावर हा आकडा सीएडीआर म्हणून छापलेला असतो. पण तो सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेगाचा असतो. रात्री झोपण्याच्या मंद वेगावर क्षमता निम्म्याच्याही खाली येते, म्हणून एक माप मोठं घ्या. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, एसी लावला की हवा स्वच्छ झाली असं समजणं. घरातला एसी तीच हवा फिरवतो, त्याची जाळी पीएम २.५ अडवत नाही. दुसरी, बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवणं. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच धुराची हवा दाराखालून आणि खिडकीच्या फटींतून आत खेचली जाते. पंखा बंद, बाथरूमचं दार बंद, दाराच्या फटीला फोमची पट्टी. बाथरूमच्या उघड्या जाळीवर प्लास्टिक चिकटवून टाका, पण गॅसचा गिझर असेल तर अजिबात नको. कापडी मास्क आणि पातळ सर्जिकल मास्क या धुराला फारसे उपयोगी नाहीत.

शहरात फिरणं

लाल सोंगथेव म्हणजे मागे दोन बाकं असलेला छोटा ट्रक. हात दाखवा, खिडकीतून ठिकाणाचं नाव सांगा. चालकाने मान हलवली तर मागे बसा. ‘किती?’ असं आधी विचारलं की अनेकदा अख्खी गाडी भाड्याने हवी आहे असा अर्थ घेतला जातो आणि दीडशे-दोनशे ऐकायला मिळतात. शहरातल्या शहरात माणशी ३०-४० बाट. उतरायचं तेव्हा छतावरची घंटा दाबा आणि खाली उतरून चालकाच्या खिडकीशी सुटे पैसे द्या. हजाराची नोट काढू नका. दुसऱ्या रंगांच्या गाड्या ठरलेल्या गावांना जातात: पांढरी सान काम्फेंगला, पिवळी माए रिमला, निळी लाम्फूनला. डोई सुथेपच्या देवळासाठी चांग फुएक वेशीजवळून किंवा विद्यापीठासमोरून गाड्या सुटतात, पुरेशी माणसं जमली की. एकट्या प्रवाशाने सकाळी नऊ-दहाला जावं, तेव्हा गाडी लवकर भरते. रात्री, पावसात किंवा सामान असताना ग्रॅब किंवा बोल्ट ही अॅप सोपी.

स्कूटर हा दीर्घ मुक्कामातला सर्वांत सोयीचा आणि सर्वांत धोक्याचा पर्याय. भाडं दिवसाला २००-३०० बाट, महिन्याला २,५०० ते ३,५००. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातून निघण्याआधी आरटीओकडे फॉर्म ४-ए भरून घ्या. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि त्यात दुचाकीच्या वर्गावर शिक्का हवा. नुसता चारचाकीचा शिक्का असलेला परवाना पोलिसांना चालत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे अपघात झाला तर प्रवास विमा त्याच कारणावरून दावा नाकारतो. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागतं. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट कुणालाही देऊ नका, २-३ हजार बाट रोख द्या किंवा दुसरं दुकान बघा. गाडी ताब्यात घेताना ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, ब्रेक आणि टायर बघा.

खंदकाभोवतीचे रस्ते एकदिशा आहेत: बाहेरचा घड्याळाच्या दिशेने, आतला उलट. चुकलात तर पुढच्या यू-टर्नपर्यंत जा, उलटं शिरू नका. डोई सुथेपवरून उतरताना ऑटोमॅटिक स्कूटरला इंजिनचा रोध कमी मिळतो, आणि ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापून निकामी होतो. थोडा दाबा, सोडा, पुढचा-मागचा आलटून-पालटून वापरा, मध्ये थांबून गार होऊ द्या. ‘पाय’ नावाच्या डोंगरातल्या गावाचा रस्ता, मार्ग क्रमांक १०९५, त्याच्या ७६२ वळणांसाठी प्रसिद्ध आहे. नव्या चालकाने तो स्कूटरवर करू नये. आर्केड बस स्थानकातून व्हॅन जाते, तीन तास लागतात, उलटी होणाऱ्यांनी गोळी आधी घ्यावी.

शाकाहारी आणि इतर खाणं

मांस दिसत नाही म्हणजे शाकाहारी, हे थायलंडमध्ये खरं नसतं. नाम प्ला हा माशाचा रस मिठाच्या जागी पडतो, कापी म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी करीच्या मसाल्यात असते, परतलेल्या भाज्यांत कालवाचं सॉस. त्यामुळे ‘नो मीट’ म्हणून भागत नाही.

‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. चिनी बौद्ध परंपरेतलं हे कडक शाकाहारी खाणं: मांस, मासे, अंडी, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. दुकानावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात, लांबून इंग्रजी १७ सारखी दिसतात. सकाळी लवकर जा, बरीच जे दुकानं दुपारी दोन-तीनला भांडी घासायला लागतात. ताटात भात आणि दोन भाज्या ४०-५० बाटला मिळतात. सोयाचे तुकडे हुबेहूब मांसासारखे दिसतात, घाबरू नका. जैन मंडळींनी मात्र बटाटा, गाजर, मुळा यांबद्दल वेगळं विचारावं, जेमध्ये ते चालतात. साध्या दुकानात ‘किन जे’ (जे खातो) म्हणा, आणि जोडून ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचा रस घालू नका. अंडंही नको तर ‘माय साय खाय’. वाक्याच्या शेवटी पुरुषांनी ‘ख्रप’, बायकांनी ‘खा’ लावलं की समोरचा माणूस जास्त मनापासून ऐकतो.

मांसाहारी असाल तर उत्तरेचं खाणं बँकॉकपेक्षा वेगळं आहे आणि त्यासाठीच इथे यावं. खाव सोय हा नारळाच्या दुधातल्या करीचा आणि अंड्याच्या शेवयांचा वाडगा, वर कुरकुरीत तळलेल्या शेवया, बाजूला आंबवलेली मोहरीची पानं, कच्चा कांदा आणि लिंबू. तो दुपारचा पदार्थ आहे, चांगली दुकानं तीनला बंद होतात. साय उआ हे गवती चहा घातलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज. केंग हांग ले ही आलं-चिंचेची, म्यानमारकडून आलेली डुकराची करी. नाम फ्रिक नुम म्हणजे भाजून कुटलेल्या हिरव्या मिरच्यांचा जवळपास आपला खर्डाच, चिकट भाताबरोबर खायचा. त्यातही नाम प्ला असू शकतो. डुक्कर न खाणाऱ्यांसाठी नाइट बझारजवळची चारोएन प्रथेत रस्त्यावरची बान हॉ मशिदीची गल्ली आहे. तिथे शुक्रवारी सकाळी चीनच्या युन्नान प्रांतातून आलेल्या मुस्लिमांचा बाजार भरतो, हलाल खाव सोयही तिथेच.

डाळी-मसाले वारोरोत बाजाराच्या परिसरात बघा, स्थानिक लोक त्याला काद लुआंग म्हणतात. आसपास पंजाबी कापड व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आहेत. कणीक मिळते, पण महाग. गोडा मसाला आणि आमसुलं घरून आणलेलीच बरी. दही साखर घातलेलं निघतं, डबा घेताना साध्या दह्याचा बघून घ्या.

फोन, पैसे, दवाखाना

सिम एआयएस किंवा ट्रूचं, पासपोर्ट दाखवून. विमानतळावरच्या पर्यटक पॅकपेक्षा शहरातल्या दुकानातलं महिन्याचं पॅक स्वस्त. भारतीय सिम बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, म्हणून निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून किमान रिचार्ज ठेवा आणि डेटा रोमिंग बंद ठेवा. थायलंड आपल्या दीड तास पुढे आहे, पुण्याच्या ऑफिसची साडेनऊची मीटिंग इथे अकराला येते.

एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापतं. म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा, आणि पडद्यावर ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का?’ विचारलं तर नको म्हणा, तो दर वाईट असतो. रुपयांच्या नोटांना भाव मिळत नाही. स्वच्छ, न दुमडलेल्या १०० डॉलरच्या नोटा खासगी विनिमय केंद्रात सर्वांत बऱ्या जातात. रस्त्यावर सगळे क्यूआर दाखवतात, पण तो थाई बँक खात्याचा असतो. बाजारात रोकड लागतेच. साधं राहणाऱ्या एका माणसाचा महिना भाडं, वीज, खाणं, स्कूटर धरून साधारण २५ ते ३० हजार बाटमध्ये निघतो.

रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१, पर्यटक पोलीस ११५५. पर्यटक पोलीस इंग्रजी बोलतात, भाडेवादातही त्यांनाच फोन करा. विद्यापीठाचं महाराज नाकोर्न रुग्णालय, ज्याला सुआन डोक म्हणतात, स्वस्त आहे पण रांग मोठी. चियांग माई राम आणि बँकॉक हॉस्पिटल खासगी, जलद आणि विम्याशिवाय महाग. पावसाळ्यात डेंग्यू असतो, ताप आला तर आयबुप्रोफेन-अॅस्पिरिन टाळून पॅरासिटामॉलच घ्या आणि रक्त तपासा. देवळांच्या आवारातला कुत्रा चावला तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार. भारताचं वाणिज्य दूतावास चियांग माईतच आहे, त्यासाठी बँकॉक गाठावं लागत नाही. नवा पासपोर्ट मिळाल्यावर प्रवेशाची नोंद त्यावर करून घ्यायला इमिग्रेशनला पुन्हा जावं लागतं, नाहीतर विमानतळावर अडतं.

देवळात खांदे-गुडघे झाकलेले, पादत्राणं बाहेर, पाय बुद्धाच्या मूर्तीकडे करून बसायचं नाही. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. राजघराण्याबद्दल विनोदही नको, समाजमाध्यमांवरसुद्धा. त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे.

निघताना

सोडायच्या किमान ३० दिवस आधी मालकाला लाइनवर लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं मोजलं जात नाही. करार अर्धवट सोडला तर डिपॉझिट जातं, हे करारात लिहिलेलंच असतं. सफाई आणि एसी धुण्याचे पैसे कापणं ही इथली पद्धत आहे. रक्कम आधीच विचारा, किंवा पावतीसह स्वतः करून घ्या. अपार्टमेंटमध्ये मीटर शेवटच्या सकाळी वाचतात आणि उरलेलं डिपॉझिट काउंटरवर रोख देतात. कॉन्डोचे मालक वीजबिल आल्याशिवाय देत नाहीत, म्हणजे दोन ते चार आठवडे. तोवर तुम्ही भारतात असता आणि भारतीय खात्यात बाट पाठवायला त्यांचा हात वळत नाही. यावर एकच उपाय चालतो: निघण्याच्या तीन दिवस आधी मालकाला खोली दाखवा, मीटरवरून बिलाचा अंदाज काढून थोडा वर धरा, तेवढे कापून बाकी रोख त्याच दिवशी घ्या. रविवारी किंवा सोंगक्रानच्या आठवड्यात किल्ली द्यायची वेळ येऊ देऊ नका, तेव्हा काउंटरवर कुणी नसतं.